वय पासष्ट

१

जो माणूस जिवंत आहे की मेला हे बावीस वर्षं त्याच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच्या निधनाची नोंद त्या दिवशी सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी रेडिओवरून वाचली गेली.

वाचणाऱ्या निवेदिकेला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘सूर आजचे’ हा तिचा रोजचा पाच मिनिटांचा कार्यक्रम. त्या तारखेला कोण गायक-वादक जन्मले, कोण गेले, कुठल्या गाण्याला किती वर्षं झाली, अशा चार नोंदी वाचायच्या आणि मधेमधे गाण्याचे तुकडे लावायचे. सकाळी यायचं, ध्वनिसंग्रहाच्या खोलीतल्या कपाटात त्या तारखेचा कप्पा उघडायचा, रबर लावलेली चार कार्डं उचलायची आणि माइकसमोर जाऊन बसायचं. त्या दिवशीही कार्डं चारच होती. एका गायिकेचा जन्मदिवस, एका सिनेगीताला पन्नास वर्षं पूर्ण, एका सनईवादकाची पुण्यतिथी. आणि चौथं कार्ड तिनं वाचलं ते असं : “याच दिवशी, आपल्या केंद्राच्या वाद्यवृंदातील व्हायोलिनवादक, सर्वत्र ‘डावखुरा’ याच नावाने ओळखले जाणारे, यांचे निधन झाले. वय पासष्ट.”

पुढे बातम्या लागल्या.

नऊच्या सुमाराला कार्डवाल्या बाई केंद्राच्या पायऱ्या चढत होत्या. सव्वीस वर्षं त्या ध्वनिसंग्रह सांभाळत होत्या, आणि त्या कपाटातलं प्रत्येक कार्ड त्यांनी स्वतः टाइप केलेलं होतं, म्हणून हे नाव. दारातच त्यांना निवेदिका आडवी आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाई, लवकर चला. वर एक बाई येऊन बसल्यात. पावणेआठपासून. रडत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या बसल्यात. मला भीती वाटतेय.”

ध्वनिसंग्रहाच्या दाराशी, बाकावर, औषधाच्या दुकानातला पांढरा कोट घातलेली एक बाई ताठ बसली होती. कोटाच्या खिशाला पेन तसंच अडकवलेलं. काउंटरवरून उठून थेट आली असावी. बाईंनी तिला ओळखलं. केस पिकले होते, बाकी डोळे तेच.

“वहिनी,” बाई म्हणाल्या.

डावखुऱ्याची बायको उठली. आवाज अजिबात हलला नाही तिचा.

“ताई, मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होते, रेडिओ चालू होता. हे घरातून गेले तेव्हा चव्वेचाळीसचे होते. तुम्ही म्हणता, पासष्टाव्या वर्षी गेले. मग मधली एकवीस वर्षं हे होते कुठे? आणि ते तुमच्यापैकी कुणाला माहीत होतं?”

२

केंद्राच्या साहेबांना तीन वर्षंच झाली होती इथे येऊन. डावखुऱ्याचं नावही त्यांनी सकाळीच पहिल्यांदा ऐकलं. टेबलावर ते वादग्रस्त कार्ड होतं, आणि शेजारी सेवापुस्तिका. डावखुरा नाहीसा झाला तेव्हा गोठवून ठेवलेली, धूळ झटकून आणलेली.

“हे बघा,” साहेब वहिनींना म्हणाले, आवाज शक्य तितका मऊ करून. “तुमचं दुःख मला कळतं. पण हे कार्ड म्हणजे शुद्ध चावटपणा आहे, आणि त्याचा पुरावा या कार्डातच आहे. सेवापुस्तिकेतल्या जन्मसालाप्रमाणे तुमचे यजमान गायब झाले तेव्हा चाळीसचे होते. म्हणजे आज असते तर बासष्टचे. बासष्टीसुद्धा न ओलांडलेला माणूस पासष्टाव्या वर्षी मरेल कसा? कुणीतरी आकडा ठोकून दिलाय. आम्ही संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधी माफी वाचतो. ‘अनवधानाने चुकीची नोंद वाचली गेली.’ विषय संपला.”

त्यांनी बाईंकडे पाहिलं. “संपला म्हणजे बाहेरच्यांपुरता. ही कार्डं तुमच्या ताब्यात असतात. तुम्ही टाइप केलं?”

“नाही.”

“टाइपरायटर तुमचाच दिसतो.”

“टाइपरायटर माझा आहे, साहेब. कार्ड माझं नाही. मी साल घातल्याशिवाय कार्ड करत नाही, आणि वय तर कधीच घालत नाही. सव्वीस वर्षांत नाही घातलं.”

“हे तुम्ही म्हणता.”

पंखा गरगरत होता. मग वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, “चाळीसचे नव्हते ते.”

“काय?”

“चव्वेचाळीसचे होते. मी ताईंना मघाशी तेच म्हटलं. इथे नोकरीला लागताना वयाची अट होती. त्यांनी चार वर्षं कमी करून लावली. कुठून तरी दाखला मिळवला. हे त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मी आईलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.”

साहेबांनी सेवापुस्तिका मिटली. बाईंनी मात्र मनाशी आकडे मांडले. त्या आकडेमोडीत कधी चुकत नसत. आयुष्यभर जन्मसालं आणि पुण्यतिथ्याच तर जुळवत आल्या होत्या.

“साहेब, मग हे कार्ड खोटं नाही,” त्या हळू म्हणाल्या. “ते आज असते तर सहासष्टचे असते. वय पासष्ट, आणि तारीख आजची. दोन वर्षांपूर्वी धरलं तर चौसष्ट होतात. आज धरलं तर सहासष्ट. फक्त गेल्या वर्षीच्या याच तारखेला ते पासष्टचे होते. थट्टा करणाऱ्यानं सेवापुस्तिका बघून आकडा टाकला असता, तर तो साहेबांच्या हिशेबात बसला असता. याच्याकडे खरं वय होतं. कुणीतरी यांचा शेवट जवळून पाहिलाय, नाहीतर त्याचं पत्र वाचलंय.”

वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “म्हणजे वर्षापूर्वीपर्यंत होते.”

“होते.”

साहेब उठून खिडकीशी गेले. घाबरलेला माणूस नियमाला चिकटतो तसे ते चिकटले. “माझ्याकडे कागद नाही. मृत्यूचा दाखला नाही. सहा वाजता माफी जाणार. त्याआधी कार्ड कुणी ठेवलं ते मला नावानिशी सांगा. नाहीतर बाई, मी असं धरून चालेन की ते तुम्हीच ठेवलंत.”

घड्याळात साडेदहा वाजले होते.

३

बाईंनी सगळ्यात आधी निवेदिकेला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

“घाबरू नकोस. मला एवढंच सांग, सकाळी गठ्ठा कसा होता?”

“नेहमीसारखा, बाई. रबर लावलेला. चार कार्डं. मोजून घेते मी. मागे एकदा तीनच निघाली होती, तेव्हा मिनिटभर काय बोलू नि काय नको झालं होतं.”

“खोलीची किल्ली?”

“खिळ्यावर असते ती. ड्यूटीरूममध्ये. वाटेल तो घेतो.” तिला रडू फुटलं. “मला काढतील का हो? मी फक्त वाचलं. इथे एक अक्षर चुकलं तरी केवढं होतं! मागे मास्तरांच्या वाढदिवसाला मी जन्मसालावरून त्यांचं वय काढताना एक वर्ष जास्त वाचलं, तर त्यांनी केंद्र डोक्यावर घेतलं होतं. तासभर उभं करून बोलले मला.”

“काढणार नाहीत. तोंड धू जा.”

म्हणजे वर्षभरात केव्हाही, कुणीही. गेल्या वर्षी या तारखेचा कार्यक्रम झाल्यावर बाईंनी स्वतः गठ्ठा परत ठेवला होता. तेव्हा हे कार्ड त्यात नव्हतं. पण डावखुऱ्याला ओळखणारं कोण उरलं होतं आता? वाद्यवृंदातले बरेचसे निवृत्त झाले, काही गेले. बाईंनी बोटांवर मोजून पाहिलं. त्या स्वतः, टेपवाले काका आणि मास्तर. तिघंच.

मास्तर म्हणजे वाद्यवृंदाचे प्रमुख. सरावाच्या खोलीत एकटेच बसले होते, समोर स्वरलिपीचे कागद पसरून. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत.

“आज सकाळचं ऐकलंत, मास्तर?”

“ऐकलं. रोज ऐकतो.” त्यांनी कागदांवरून नजर उचलली नाही. “वाईट झालं. गुणी माणूस होता.”

“तुम्हाला कधी काही कळलं होतं त्याच्याबद्दल?”

“मला कुठून कळणार? वहिनी दरवर्षी एकदा माझ्या घरी येऊन विचारून जायच्या बिचाऱ्या. मी काय सांगणार? नाही म्हणून सांगायचो.” त्यांनी पेन्सिल ठेवली, पुन्हा उचलली. “बाई, माफी वाचतायत ना सहाला? वाचू दे. त्या बाईला उगाच आशा लावण्यात अर्थ नाही.”

“आशा कसली, मास्तर? निधनाची बातमी आहे ती.”

मास्तर पुन्हा कागदांवर वाकले.

बाई जिन्यावर आल्या तर खालच्या वळणावर टेपवाले काका दिसले. छातीशी काहीतरी चौकोनी धरून लगबगीनं उतरत होते. जिन्याच्या पायथ्याशी बाकावर वहिनी होत्या. त्यांना पाहताच काका जागच्या जागी वळले, मागच्या दारानं अंगणात गेले आणि कोपऱ्यातल्या टेपांच्या कोठीत शिरले.

आतून कडी लागल्याचा आवाज बाईंनी स्पष्ट ऐकला.

४

“काका, दार उघडा.”

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज.

“काका, मी एकटी आहे. उघडत नसाल तर साहेबांना घेऊन येते.”

कडी निघाली. काकांच्या कपाळावर घाम होता, आणि टेबलावर एक जुनं स्पूल. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. चाळीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या काचेमागे बसलेला हा माणूस. बोलणं कमी, ऐकणं जास्त.

“मी काही केलं नाही, बाई.”

“मग पळालात का?”

“हे सापडलं असतं म्हणून.” त्यांनी स्पुलावर हात ठेवला. “पुसायचा हुकूम होता. बावीस वर्षांपूर्वीचा. मी पुसलं नाही, लपवलं. आज झडती होणार असं वाटलं.”

“काय आहे त्यात?”

काकांनी स्पूल यंत्रावर चढवलं, फीत ओवली, खटका दाबला.

आधी वाद्यवृंद. मग एकटं व्हायोलिन, एका भावगीताच्या मधलं संगीत. सुरुवात अशी लख्ख की बाईंच्या अंगावर काटा आला. आणि मग दुसऱ्या ओळीला ते सरकलं. किंचितच, पण सरकलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच सरकलं. तिसऱ्यांदा वाद्यं थांबली आणि माइक उघडाच राहिलेला असल्यानं माणसांचे आवाज आले.

मास्तरांचा आवाज. तरुण, धारदार.

“ऐकू येतं का तुला? नाही, सरळ विचारतो, ऐकू येतं का?”

मग दुसरा, खालच्या पट्टीतला. “व्हायोलिनच्या बाजूचा कान... चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, जाणार.”

“चार महिने आम्हाला बनवतोयस? बहिऱ्याला व्हायोलिन कुणी दिलं रे? ऊठ. पेटीत घाल ते. उद्या मी अर्ज देतो, तुझी वैद्यकीय तपासणी होऊ दे, कागदपत्रं तपासू दे सगळी. घरी बस जाऊन, बायकोच्या जिवावर.”

पेटी बंद झाल्याचे दोन खटके. पावलं. दार.

काकांनी यंत्र थांबवलं. “तेच शेवटचं. इथून घरी गेलाच नाही तो. तीस माणसं होती त्या खोलीत. कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पाचच महिन्यांवर मास्तरांची प्रमुखपदाची निवड होती, बाई. चौकशी लागली असती तर निवड गेली असती.”

कागदपत्रं तपासणार म्हटल्यावर डावखुऱ्याचे पाय का लटपटले असतील, हे त्या तिसांपैकी एकालाही कळलं नव्हतं. ती चार वर्षं त्याच्या मानेवर बसली असणार.

“काका, कार्ड तुम्ही ठेवलंत?”

“नाही. देवाशपथ नाही. आणि ते पासष्ट काय भलतंच? माझ्याच वयाचा होता तो. मी साठचा आहे, तर तो...” काका खरोखरच गोंधळले. “साठ असेल. फार तर बासष्ट.”

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. खरं वय माहीत असलेला माणूस असा बोटांवर चाचपडत नाही. काका सुटले.

मग उरलं कोण, हे सांगायला पंडिताची गरज नव्हती. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मास्तर साफ नाकबूल करतील, साहेब त्यांचंच ऐकतील आणि सहा वाजता माफी वाचली जाईल.

तीन वाजून गेले होते.

५

बाई आपल्या खोलीत आल्या आणि ती चार कार्डं टेबलावर एकाखाली एक मांडून बसल्या. गायिका. सिनेगीत. सनईवादक. डावखुरा. चार. निवेदिकेनं मोजून घेतलेली चार.

तिकडे बघता बघता त्या एकदम ताठ झाल्या.

चारच का?

गेल्या वर्षी गठ्ठा ठेवताना त्यात चार होती. त्या नेहमी चारच ठेवत. कुणीतरी एक आणखी घातलं, तर पाच व्हायला हवीत. पाच असती तर पाचवं राहून जायचा धोका. निवेदिका चार वाचते हे सगळ्या केंद्राला माहीत. म्हणजे कार्ड ठेवणाऱ्यानं नुसतं ठेवलं नव्हतं. जागा करायला एक काढलं होतं.

कुठलं?

बाईंना आठवेना. दीड हजार कार्डं; तारखा त्यांच्या कपाटात होत्या, डोक्यात नव्हत्या. पण वाचलेल्या प्रत्येक नोंदीची प्रसारण-वही असते. त्या धावतच ड्यूटीरूममध्ये गेल्या. गेल्या वर्षीची वही, नोव्हेंबर, एकवीस तारीख. निवेदिकेच्या गोल अक्षरात चार ओळी होत्या. गायिका, जन्म. सिनेगीताचं ध्वनिमुद्रण. सनईवादक, निधन.

चौथी ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग वही बगलेत मारून त्या सरावाच्या खोलीकडे निघाल्या. वाटेत बाकावरून वहिनींना उठवलं आणि साहेबांच्या दारावर टकटक करून म्हणाल्या, “या. नाव देते.”

मास्तर अजून तिथेच होते.

“मास्तर,” बाई म्हणाल्या, “आज वाढदिवस ना तुमचा?”

मास्तरांच्या हातातली पेन्सिल थांबली.

“एकोणसाठ पूर्ण झाली. गेल्या वर्षी रेडिओवरून वाचलं होतं, ही बघा वही. यंदा वाचलं नाही. तुमचं कार्डच गठ्ठ्यात नव्हतं. वय एका वर्षानं चुकलं तर पोरीला तासभर उभं करून झापणारा माणूस, आज त्याचं नावच गाळलं गेलं, आणि सकाळपासून हूं की चूं नाही. मी विचारलं, कार्यक्रम ऐकलात का. तुम्ही म्हणालात, ऐकला. बस्स.”

“माझ्या लक्षात...”

“तुमच्या लक्षात आलं नाही? तुमच्या?”

साहेब दारातच उभे होते. वहिनी पुढे आल्या.

“ज्या दिवशी तुमचा वाढदिवस, त्याच दिवशी तो गेला,” बाई म्हणाल्या. “खरं तर कुठलंही कार्ड काढता आलं असतं. पण तुम्ही स्वतःचं काढलंत. त्याच्या निधनाच्या शेजारी आपला वाढदिवस साजरा करून घ्यायचं धाडस झालं नसेल. एवढी लाज तुम्हाला होती, मास्तर, म्हणून तर ते कार्ड आलं.”

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो पुसत राहिले.

“हो,” ते म्हणाले. “मीच. त्यानं पत्र लिहिलं होतं मला. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता. मी वचन दिलं होतं, बाई. वचन पाळलं, एवढाच माझा गुन्हा.”

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वहिनींनी डोळे मिटले. सगळं इथेच थांबलं असतं.

“खोटं,” बाई म्हणाल्या.

६

“वचन माणूस जिवंत असेपर्यंत असतं,” बाई म्हणाल्या. “तो गेल्यावर तुम्ही वहिनींच्या दुकानात जाऊन चार शब्द सांगू शकत होतात. वचन पाळणारा माणूस ताठ मानेनं येतो. तुम्ही वर्षभर गप्प बसलात आणि मग चोरासारखं माझ्या टाइपरायटरवर बसलात. का? तर वहिनींनी पुढचा प्रश्न विचारला असता म्हणून. तो का आला नाही परत? काकांनी टेप पुसलेली नाही, मास्तर. तुम्ही त्याला कसं हाकललंत ते मी मघाशी माझ्या कानांनी ऐकलं. पण तेवढ्यासाठी माणूस एकवीस वर्षं घराबाहेर राहत नाही. पत्रात काय होतं?”

मास्तरांनी चष्मा परत लावला.

वहिनी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. “भावजी,” त्या म्हणाल्या, “पत्र कुठंय?”

त्या ‘भावजी’नं जे केलं ते बाईंच्या तर्कानं झालं नसतं. मास्तरांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक घडी पडून पडून चिरलेला कागद काढला. वहिनींनी हात पुढे केला नाही.

“वाचा. तुम्हीच वाचा. मोठ्यानं.”

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोठ्यानं दाखवणारा तो आवाज त्या दिवशी धड फुटत नव्हता.

“‘...इथे एका वाद्यं बनवणाऱ्याच्या कारखान्यात लागलो आहे. व्हायोलिनच्या पाट्या तासतो. त्याला कान लागत नाही, हात लागतो. नोकरी गेली याचं आता काही वाटत नाही. पण घरी तोंड दाखवायचं कसं, ते कळत नाही. न सांगता निघून आलो, चार महिने झाले. आमच्या घरी येणं-जाणं तुझंच होतं, म्हणून तुलाच लिहितो. तू एकदा तिला विचार. रागावली असेल तर राहू दे. ये म्हणाली, तर पुढच्या गाडीनं येतो.’”

मास्तरांनी कागदाची घडी घातली.

“मग?” वहिनी म्हणाल्या.

“तेव्हा निवड व्हायची होती. तो आला असता तर सगळं निघालं असतं... मी म्हटलं, महिनाभर थांबवू. म्हणून लिहिलं की...” मास्तरांनी मान खाली घातली. “लिहिलं की विचारलं. ती नको म्हणते. महिन्यानं काय तोंडानं सांगणार होतो? मग वर्ष गेलं. वर्षाला एक पत्र यायचं त्याचं. तुमची खुशाली विचारायचा. परत यायचं पुन्हा कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी कारखान्याच्या मालकाचं पत्र आलं. तारीख, वय. एवढंच.”

वहिनी बोलल्या तेव्हा इतक्या हळू, की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

“ये म्हटलं असतं मी. त्याच दिवशी. उभ्या उभ्या.”

पावणेसहाला साहेबांनी माफीचा कागद स्वतःच्या हातानं फाडला. वहिनी सांगत गेल्या, बाईंनी टाइप केलं, आणि सहा वाजता निवेदिकेनं वाचलं : सकाळची नोंद खरी होती, ते गेल्या वर्षी या तारखेला गेले, ते वाद्यं बनवत होते, त्यांच्या पत्नीला ही बातमी आज कळली. निवेदिकेचा आवाज शेवटच्या वाक्याला जरा कापला. कुणी तिला बोललं नाही.

“तक्रार द्यायची का?” साहेबांनी विचारलं.

“देणार. परत आल्यावर. तोवर यांना कुठे जाऊ देऊ नका.”

मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. “मी येतो बरोबर. पत्ता आडवाटेचा आहे, रस्ता दाखवतो.”

“रस्ता दाखवलात ना तुम्ही एकदा,” वहिनी म्हणाल्या. “पुरे झालं.”

त्यांनी बाईंना विचारलंच नाही, नुसतं पाहिलं. बाईंनी पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्या कारखान्यात पोचल्या. लांब पत्र्याची शेड, लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीवर तारा नसलेली व्हायोलिनं रांगेनं टांगलेली. मालक म्हातारा होता. हातातली पटाशी खाली ठेवून त्यानं विचारलं, “कोण आपण?”

“डावखुऱ्याची बायको.”

म्हातारा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्यांना मागच्या एका खोलीत घेऊन गेला. खाट, खिडकी, एक खुंटी. खुंटीवर कापडी पिशवी.

“ही तेवढी कुठे पाठवावी कळेना, म्हणून ठेवली,” तो म्हणाला. “कायम भरलेली असायची. आजारी पडेपर्यंत दर महिन्याला त्यातले कपडे काढून धुवायचे आणि पुन्हा घड्या घालून ठेवायचे. आम्ही हसायचो. कुठे निघालात म्हणून विचारायचो. म्हणायचे, बोलावणं आलं तर धांदल नको.”

वहिनींनी पिशवीत हात घातला. दोन शर्ट, एक पायजमा, दाढीचं सामान, टॉवेल. वर्षभराची धूळ बसली होती वरच्या घडीवर. त्यांनी ती झटकली, बंद नीट आवळले आणि पिशवी खांद्याला लावली.

“ताई,” त्या म्हणाल्या, “परतीची गाडी कितीला आहे?”